फिट आली, पडली नाही, तरी खुबा मोडला



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटवली, आणि बायका उठायला लागल्या तेव्हा एक जण मागं राहिली. हळूच म्हणाली, "ताई, माझ्या मुलीला परवा फिट आली. तेव्हापासून लंगडते. फिटनं अंग दुखतंच ना, दोन दिवसांत उतरेल ना?" मी तिला तिथूनच तालुक्याला एक्स-रे काढायला पाठवलं. ती घाबरली, इतकी घाई कशाला म्हणाली. ती घाई कशाला, हेच आज सांगायचं आहे.

"अंग दुखतंय, उतरेल" हे वाक्य माझ्या घरातही बोललं गेलं होतं, आणि बोलणाऱ्यांत मीही होते. गोष्ट माझ्या धाकट्या जावेची आहे. तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच सांगते आहे.

तिला चौदाव्या वर्षापासून फिट येत होत्या. कुणी फेफरं म्हणतं, कुणी मिरगी, कुणी आकडी. डॉक्टर अपस्मार म्हणतात. गोळ्या चालू होत्या तोवर वर्ष-वर्ष काही होत नसे. लग्नानंतर आमच्या सासूबाईंना हे कळलं, पण गावात कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही, आपोआपच सगळे गप्प झालो. गोळ्या संपल्या की आणायला कुणी जायचं, काय सांगून जायचं, यात आठ-आठ दिवस जायचे. अशाच एका आठवड्यात, उसाच्या लागणीच्या गडबडीत, तिला रात्री झोपेत फिट आली. वाकळेवर झोपलेली होती. पडली नाही, आपटली नाही. तीन-चार मिनिटांत शांत झाली आणि झोपून गेली.

सकाळी उठली ती उजवा पाय ओढतच. जांघेत दुखतंय म्हणाली. गावातल्या दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, पडलीस का? नाही. मार लागला का? नाही. मग काय झालं? मी म्हणाले, "काल ओझं उचललं होतं, नस आखडली असेल." फिटचं नावही मी काढलं नाही. सत्तावीस वर्षांची बाई, पडलेली नाही, लंगडत का होईना चालत आलेली. एक्स-रे काढावा असं कुणाला वाटेल? दुखायचं इंजेक्शन झालं, चार गोळ्या मिळाल्या, घरी आलो. मग शेकणं, तेल चोळणं, शेजारच्या गावचा हाडवैद्य. त्यानं पाय ओढून पाहिला तेव्हा ती जी ओरडली ते अजून माझ्या कानात आहे.

पाचव्या रात्री तिला पुन्हा फिट आली. या वेळी सकाळी तिला उठताच येईना. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं.

आता खुबा म्हणजे काय ते बघू. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. तो गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसलेला असतो. गोळा आणि मांडीचं लांब हाड यांना जोडणारा जो थोडा तिरका, बारीक भाग असतो, त्याला मान म्हणतात. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला असं आपण ऐकतो तेव्हा बहुतेक वेळा ही मान किंवा तिच्या लगेच खालचा भाग मोडलेला असतो.

पडल्याशिवाय ते कसं मोडेल, असं आम्हाला वाटत होतं. हाडांच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. खुब्याभोवतीचे स्नायू अंगातल्या सगळ्यांत ताकदवान स्नायूंपैकी आहेत. आपण चालतो, उठतो तेव्हा ते आळीपाळीनं काम करतात, एक आवळतो तेव्हा दुसरा सैल पडतो. मोठ्या फिटमध्ये मेंदूकडून सगळ्यांना एकदमच हुकूम जातो आणि सगळे एकदम आवळतात. ती ताकद हाडावर येते. कधी मान मोडते. कधी गोळा वाटीचा तळ फोडून आत घुसतो. कधी गोळा वाटीतून निसटतो. क्वचित दोन्ही खुबे एकदम मोडतात, म्हणून एका बाजूला दुखत असलं तरी दोन्ही बाजूंचा एक्स-रे घेतलेला बरा. फिटमध्ये खांदाही मागच्या बाजूला निखळतो आणि पाठीच्या मणक्यांनाही चीर जाते, ते वेगळंच. अर्थात प्रत्येक फिटमध्ये असं होत नाही. पण होतं, आणि पुष्कळदा लक्षात येत नाही, कारण फिटनंतर माणूस गुंगीत असतो, दुखतंय हे नीट सांगू शकत नाही, आणि घरच्यांना वाटतं हा सगळा फिटचाच थकवा.

दुसरी गोष्ट हाडाच्या मजबुतीची. फिटच्या काही जुन्या गोळ्या, म्हणजे फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, वर्षानुवर्षं घेतल्या की शरीरातलं ड जीवनसत्त्व लवकर संपतं आणि हाडं हळूहळू ठिसूळ होतात. हे ऐकून कुणी गोळ्या बंद करू नका! गोळी अचानक बंद केली की फिट येते, ती लांबते, जीवही जातो. गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारायचं की माझं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासायचं का, वेगळी गोळी लागेल का. नाचणी, तीळ, दूध, ताक हे तर आपल्या हातातलं आहे. आमच्याकडे सुनेच्या वाट्याला दूध येतं का, हा प्रश्न मी इथं नुसता विचारून ठेवते.

आता ऑपरेशनकडे येते, कारण या विषयात सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते.

खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा मानेवरून वर चढतात. आपल्या शेतात ठिबकच्या नळ्या असतात ना, तशा समजा. मान मोडून जागची हलली की या नळ्या पिळवटतात किंवा तुटतात. रोपाचं पाणी तुटलं तर ते लगेच वाळत नाही, काही दिवस हिरवं दिसतं. गोळ्याचंही तसंच आहे. मोडल्यावर आठवडे, महिने सगळं ठीक वाटतं, आणि वर्ष-दोन वर्षांत गोळा सुकून बसायला लागतो. म्हणून तरुण माणसाची मान मोडून हलली असेल तर डॉक्टर घाई करतात. हाड लवकर जागेवर बसवायचं म्हणजे उरलेल्या नसा वाचण्याची शक्यता वाढते. गोळा वाटीतून निखळला असेल तर घाई आणखी मोठी. भूल देऊन तो पहिल्या काही तासांतच बसवायला हवा, सहा तासांच्या आत बसला तर उत्तम मानतात.

ऑपरेशन कुठलं, ते हाड कुठं मोडलं आणि माणसाचं वय किती यावर ठरतं. मानेला नुसती चीर असेल, हाड हललेलं नसेल, तर लहान छेद देऊन साधारण तीन लांब स्क्रू घालतात. एक्स-रेचं यंत्र शेजारी ठेवून, पडद्यावर बघत बघत हे काम होतं. तरुण माणसाचं हाड हललेलं असलं तरी आधी ते जागेवर आणून स्क्रूच घालतात, कारण आपलं स्वतःचं हाड वाचलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. मानेच्या खालचा भाग मोडला असेल तर प्लेट आणि जाड स्क्रू, नाहीतर हाडाच्या पोकळीतून सळी. वाटी फुटली असेल तर काही वेळा वजन लावून पाय ताणून ठेवतात, काही वेळा प्लेटा बसवतात. ते काम अवघड असतं, मोठ्या दवाखान्यातच होतं. आणि वय जास्त असेल, किंवा गोळा सुकूनच गेला असेल, तर सांधा बदलतात. त्यातही अर्धा आणि पूर्ण असे दोन प्रकार आहेत. अर्ध्यात फक्त गोळा बदलतात. पूर्ण बदलात मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा, आणि कमरेच्या बाजूला आतून खास प्लास्टिकचं अस्तर असलेली नवी वाटी बसते.

माझ्या जावेला दोन्ही करावं लागलं. आधी तीन स्क्रू. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवत विचारलं, "पहिल्या दिवशी चालत होती म्हणता? मग तेव्हा बहुतेक नुसती चीर होती. दुसऱ्या फिटनं हाड सरकलं." ते रागावले नाहीत, पण मला खाली बघावं लागलं. स्क्रू घातले, हाड जुळलंही. पण सव्वा वर्षानं जांघेत पुन्हा दुखायला लागलं. एमआरआय केला, गोळा सुकला होता. एकोणतिसाव्या वर्षी तिचा पूर्ण सांधा बदलला.

त्या पहिल्या दवाखान्यात मी खरं बोलले असते तर हे टळलंच असतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. वेळेवर बसवलेली मानही कधीकधी सुकते. पण चीर असताना स्क्रू घालणं वेगळं आणि हाड सरकल्यावर, सात दिवसांनी घालणं वेगळं.

आता फिटच्या माणसाचं ऑपरेशन आणि इतरांचं ऑपरेशन यात फरक काय?

भरती होतानाच फिटच्या गोळ्यांची पाकिटं आणि जुनी फाईल सोबत न्या आणि हाडांचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि वॉर्डातल्या सिस्टर, तिघांनाही दाखवा. एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरू नका. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, आणि घरचे समजतात की गोळीही द्यायची नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फिटची गोळी बहुतेक वेळा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. ऑपरेशननंतरही रोजच्या वेळेला गोळी मिळते का, हे सोबतच्या बाईनं बघायचं. जागरण, ताप, चुकलेली गोळी या तिन्हींनी फिट येते आणि दवाखान्यात तिन्ही एकदम होऊ शकतात. दुखायच्या औषधातही एक मेख आहे. ट्रॅमाडॉल नावाचं औषध ऑपरेशननंतर सर्रास देतात, पण फिटच्या माणसाला त्यानं फिट येऊ शकते. "पेशंटला फिटचा त्रास आहे, ट्रॅमाडॉल चालेल का?" एवढं एक वाक्य विचारायला लाजू नका. डॉक्टर दुसरं औषध देतात.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फिट आली तर स्क्रू सैल होतो, बदललेला सांधा निखळतो, कधी सांध्याभोवतीचं हाड मोडतं. म्हणून चांगले डॉक्टर आधी मेंदूच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन गोळ्यांचा डोस नीट लावून घेतात. सांधा बदलताना सहज न निसटणारी, दुहेरी हालचालीची वाटी मिळते, ती फिटच्या पेशंटसाठी विचारात घेतात. माझ्या जावेला तीच बसवली. पण डॉक्टरांचे शब्द होते, "वाटी कुठलीही बसवली तरी खरी राखण गोळीच करणार."

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या अशा सगळ्याच रेशनकार्डांची कुटुंबं येतात आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. कुठलं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात बसतं हे भरती होण्याआधी त्याला विचारा, पैसे भरून झाल्यावर नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत तयार ठेवा. आम्हाला पहिल्या वेळी रेशनकार्ड शोधण्यातच अर्धा दिवस गेला. जाण्यायेण्याला, वॉकरला, कमोडच्या खुर्चीला पैसे लागले, ते गटातून अंतर्गत कर्ज म्हणून घेतले. बैठकीत कारण विचारतात ना, तेव्हा मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाले, "जावेला फिट येते." कुणी काही बोललं नाही. घरी जाताना मात्र दोघी जणी वाटेत थांबवून म्हणाल्या, आमच्याकडेपण आहे.

ही लपवाछपवी कशापायी, तर लग्नापायी. मोडेल, परत पाठवतील, ही भीती. पूर्वी हिंदू विवाह कायद्यातच फेफऱ्याचा उल्लेख होता, त्या कारणावरून लग्न रद्द ठरवता येत असे. १९९९ साली कायदा बदलला आणि तो शब्द काढून टाकला. कायद्यातून गेला, आपल्या ओसरीवरून अजून जायचा आहे. आमचे भावजी कधीच सोडायची भाषा बोलले नाहीत, घाबरत होतो ते आम्हीच.

घरी फिट आली तर काय करायचं तेही सांगते, कारण खुब्याचा त्याच्याशी संबंध आहे. हातपाय दाबून धरू नका. आपल्याला वाटतं आपण सांभाळतोय, पण आवळलेल्या स्नायूंविरुद्ध जोर लावला की हाड मोडायला, सांधा निखळायला मदतच होते. आजूबाजूची चूल, विळी, दगड बाजूला करा, डोक्याखाली मऊ घडी ठेवा, झटके थांबत आले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, पाणी नको. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकापाठोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

ती नीट शुद्धीवर आली की घाईनं उभी करू नका. आडवी असतानाच विचारा, खांदा दुखतो का, पाठ दुखते का. मग एकेक पाय सरळ ठेवून टाच जमिनीपासून वर उचलायला सांगा. उचलता येत नसेल, जांघेत कळ येत असेल, पाय आखूड किंवा आत-बाहेर वळलेला दिसत असेल, तर चालवायचं नाही, चोळायचं नाही, ओढायचं नाही. पाय जसा आहे तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी उशा, गोधड्या लावा आणि १०८ बोलवा. खायला देऊ नका, कदाचित भूल द्यावी लागेल. आणि पाय उचलता आला, लंगडत चालताही आलं, तरी दुसऱ्या दिवशी जांघेत दुखत असेल तर एक्स-रे काढाच. खुब्याचं दुखणं कधीकधी नुसतं गुडघ्यातच जाणवतं, हेही लक्षात असू द्या. बारीक चीर साध्या एक्स-रेत दिसत नाही. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना पुन्हा सांगा, ते सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून बघतात. आणि "फिट आली होती" हे शब्द पहिल्याच वाक्यात येऊ द्या.

ऑपरेशननंतर कामं कधी करता येतात, असं बायका हमखास विचारतात. स्क्रू घातले असतील तर दीड ते तीन महिने त्या पायावर पूर्ण भार टाकू देत नाहीत, वॉकर लागतो. सांधा बदलला असेल तर बहुतेकांना एक-दोन दिवसांतच वॉकर धरून उभं करतात. पण उकिडवं बसणं, मांडी घालणं, खाली वाकून सारवणं, पायावर पाय टाकणं हे सुरुवातीला बंद. पुढं किती जमेल ते डॉक्टर सांगतात. आपलं सगळं आयुष्य जमिनीवर बसून चालतं, त्यामुळं घरातच बदल करावे लागतात. आम्ही शेगडी ओट्यावर घेतली, संडासात कमोडची खुर्ची ठेवली, शिलाई मशीनला पायाऐवजी मोटर लावली. मोटर पुढं बाकी सगळ्यांच्याच उपयोगी पडली, ते सोडा. एक खबरदारी मात्र आहे: फिटच्या बाईनं ओट्यावर आधणाचं भांडं कडेला ठेवू नये, आणि आंघोळीला दाराची कडी आतून लावू नये.

जाऊ आता गोळ्या डब्यात वारानुसार भरून ठेवते. डबा देवळीत, सगळ्यांना दिसेल असा असतो. गोळ्या संपायला आठ दिवस उरले की भावजी उपजिल्हा रुग्णालयातून घेऊन येतात. शेवटची फिट येऊन दोन वर्षं होऊन गेली. बैठकीला येते, सगळ्या सतरंजीवर बसतात आणि ती खुर्चीवर. पहिल्यांदा तिला संकोच वाटायचा, सासूबाई खाली आणि आपण वर. सासूबाईच म्हणाल्या, "बस गं, तुझ्या खुब्याला मान आहे."

आणि ती बैठकीत मागं राहिलेली बाई. मुलीचा एक्स-रे काढला, मानेला बारीक चीर निघाली, हाड जागेवरच होतं. तिसऱ्या दिवशी स्क्रू घातले. सध्या वॉकरवर आहे. दहावीचा फॉर्म भरलाय, परीक्षेला तळमजल्यावरची खोली मिळावी म्हणून शाळेत अर्ज दिलाय.